लीली नाघेरचे गोडे पाणी

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यावर चोरवाड, वेरावळ, कोडिनार, ऊना असा जो सुपीक पट्टा लागतो, त्याला ‘लीली नाघेर’ म्हणजे हिरवी नाघेर म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही येथील विहिरींना पिढ्यान्‌पिढ्या गोडे पाणी होते. त्यावरच नारळीच्या बागा व नागवेलीचे मळे वाढले. हे सारे दान भूमीतील चुनखडीचे.

सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांची वाळू साचून हा दगड घडला. पोरबंदरी दगड म्हणून तो गलबतांतून मुंबईस गेला आणि तेथील अनेक जुन्या इमारतींत बसला. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुना विरघळवते. केसाएवढ्या भेगा कालांतराने रुंदावतात, त्यांच्या नळ्या व पोकळ्या होतात. त्यांतून गोडे पाणी समुद्राकडे सरकत असते.

त्याच्याखाली समुद्राचे खारे पाणी असते. ते जड, म्हणून हलके गोडे पाणी त्यावर तरंगते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० फूट असते. हा हिशेब उलटाही चालतो: पातळी १ फूट उतरली, की कालांतराने खारे पाणी ४० फूट वर चढते.

विहिरींवर इंजिने आणि पंप आले, उपसा वाढला आणि नेमके हेच घडले. वाळूतून खारेपण संथ येते; चुनखडीच्या पोकळ्यांतून मात्र त्याला वाट मोकळी मिळते. गोडे व खारे पाणी मिसळते तेथे चुना पुन्हा विरघळू शकतो आणि वाट आणखी रुंदावते. एक विहीर गोडी आणि शेजारची खारी, असा प्रकार त्यामुळेच दिसतो. विहीर खारावली, की बाग सुकते आणि घरातील माणूस रोजगारासाठी गाव सोडतो.

१९७६ साली गुजरात सरकारने या प्रश्नासाठी उच्चस्तरीय समिती नेमली. त्यानंतर नद्यांच्या मुखांशी भरती अडविणारे दरवाजे, बंधारे, पुनर्भरण तलाव व कालवे उभे राहिले. ज्या पोकळ्यांनी खारे पाणी आत आणले, त्याच आता अडविलेले पावसाचे पाणी झपाट्याने पोटात घेतात. मात्र ते तितक्याच त्वरेने समुद्राला मिळूही शकते. म्हणून नुसता बंधारा पुरत नाही, उपसाही आवरावा लागतो. व्याजावर संसार चालवावा आणि मुद्दल राखावे, ही पेढीवरची जुनी शिकवण लीली नाघेरच्या विहिरींनाही तंतोतंत लागू पडते.