ओढेल, पण थांबेल का?

धर्मग्रामाच्या बांधकामासाठी मुरबाडहून शहापूरला विटा आणायच्या होत्या. एक खेप वाचावी म्हणून जुन्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडण्याचा आग्रह आम्हीच धरला. "फादर, ओढतो की!" चालक म्हणाला. चढ सहज सरला. उतारावर मात्र बिनब्रेकची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागली. बांधाला धडकून थांबलो. चालकाचा हात मोडला.

शहापूर तालुक्यातल्याच कसारा घाटात रेल्वेला ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. तेथे गाडीला जादा इंजिने जोडतात. रेल्वे भार पाहून बळ ठरवते. आम्ही बळावर विसंबून भार वाढवला. आता रिकाम्या ट्रॉलीचे आणि मालाचे वजन एकत्र धरतो, ट्रॉलीचे ब्रेक पाहतो, आणि दुसरी खेप आनंदाने करतो.