मंडळाच्या खोलीची किल्ली

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर कबड्डी मंडळाची खोली होती. कुलपाला दोन किल्ल्या. एक अध्यक्षांच्या घरी, दुसरी वरिष्ठ संघाच्या कप्तानाकडे. आत लोखंडी कपाट, त्यावर ढाली आणि चषक, भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात फक्कीची पोती. मुलगे सरावाआधी तिथेच कपडे बदलत. आम्ही मुली खेळायला लागलो तेव्हा मंडळानं आम्हाला मैदान दिलं, गणवेश दिले, शिकवायला माणूसही दिला. खोली मात्र दिली नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका मावशींच्या मोरीत आम्ही कपडे बदलत असू, आणि त्या गावी गेल्या की घरूनच फ्रॉकखाली हाफपँट चढवून येत असू.

अडचण एवढ्यावर थांबत नव्हती. वरिष्ठ गटात आज पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर आणि महिलांचं 12 बाय 8 मीटर असतं. माझ्या काळी मापं थोडी वेगळी होती, तरी आमचं मैदान लहानच होतं. मुलग्यांचा सराव संपला की आम्हाला रेघा नव्यानं आखाव्या लागत. फक्की खोलीत आणि किल्ली कप्तानाच्या खिशात. तो पाळीवरून येईपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहायचो. कधी वीट घासून मध्यरेषा आणि निदानरेषा काढायचो, पण लाल मातीत लाल रेघ दिसणार किती? संध्याकाळचा उजेड असा फुकट जायचा. आमच्यातल्या निम्म्या मुलींना दिवेलागणीच्या आत घरी परतायचं असे.

ही माणसं वाईट नव्हती. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. घराघरांतला पगार थांबला. तशा दिवसांतही मंडळातल्या कामगारांनी आपसात पैसे गोळा करून आम्हाला ठाण्याच्या सामन्यांना पाठवलं. त्या उपकाराची जाणीव आजही आहे. म्हणूनच मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पोटाला चिमटा काढून आम्हाला खेळवणाऱ्या माणसांच्याही मनात, खोली आमचीही आहे हे कधी आलं नाही. मैदानात घेणं त्यांना जमलं. मंडळात घेणं ही निराळी पायरी आहे, आणि ती आपोआप चढली जात नाही.

पुढे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंविषयी वाचलं तेव्हा ही पायरी किती जुनी आहे ते कळलं. पुण्याच्या हिंदू क्लबला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती. चामड्याचा तोच चेंडू सवर्ण खेळाडूंच्या हातातून बाळूंच्या हाती येई, तिथे विटाळ नसे. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांच्याकडे सोपवलं गेलं नाही. ते पळवणकरांच्या घरात आलं 1923 साली, त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे.

आमच्या वरिष्ठ संघात मदनपुऱ्याचा एक चढाईपटू होता. त्याच्या पायाला पकड बसणं अवघड. रमजानमध्ये सामना असला की रोजा सुटेपर्यंत सामना पुढे ढकलावा म्हणून आमचे सरचिटणीस आयोजकांशी भांडत. मग 1992 चा डिसेंबर आणि 1993 चा जानेवारी आला, मुंबईत दंगली झाल्या. तो यायचा थांबला. त्याला कुणी काढलं नाही आणि बोलवायलाही कुणी गेलं नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे महिनोन् महिने रिकामे चौकोन राहिले. नव्या हजेरीपटात नावच उतरवलं गेलं नाही.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले आणि शाळा सांभाळून एका मंडळात मुलींना शिकवू लागले. तिथे एका वर्षी खजिनदार म्हणून बी.कॉम.ला असलेली आमचीच एक खेळाडू निवडून आली आणि खोलीची किल्ली तिच्याकडे गेली. पहिल्याच महिन्यात तिनं खोलीच्या दाराला आतून कडी बसवली आणि मागचं बंद पडलेलं स्वच्छतागृह दुरुस्त करून घेतलं. दरवर्षी दहावीनंतर मुली गळत. त्या वर्षी बहुतेक जणी टिकल्या. ज्याचं अडतं त्याच्या हाती कारभार आला की असं होतं.

त्याच मंडळात ऐकू न येणारा एक मुलगा होता. डाव्या कोपऱ्यात खेळायचा. चढाईपटूचा दम त्याला ऐकू येत नसे, पण पाय तो अचूक वाचायचा. साखळीत शेजारच्यानं हात दाबला की झेपायचं, एवढं पोरांनी आपसात ठरवलं. सरावात शिट्टीबरोबर हात वर करायची सवय आम्ही लावून घेतली. याला एक पैसा खर्च आला नाही.

2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मला अभिमान वाटला आणि टोचलंही. आपल्या मंडळांतून किती जाणत्या बायका अजून फक्त मुलींना सामन्याला नेण्या-आणण्यापुरत्या ठेवलेल्या आहेत!

तुम्ही कुठल्या मंडळाचे सभासद असाल तर पुढच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी मांडा. मंचाच्या आणि चषकांच्या खर्चाआधी मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह. कार्यकारिणीत खेळणाऱ्या मुलींना जागा, तीही पैशांचा आणि किल्लीचा अधिकार असलेली. आणि जे खेळाडू न सांगता यायचे थांबले, त्यांच्या घरी मंडळाच्या दोघांनी जाऊन यायचं. त्यांची नावं शोधावी लागणार नाहीत, जुन्या हजेरीपटांत ती लिहिलेली आहेत.