टरफलं कुणी टाकली?

मैत्रिणींनो, अंड्यांचे पैसे घरच्या बाईचे, ही रीत तुमच्याकडेही असेलच. आमच्या कोकणातल्या घरी मागीलदारी आठ-दहा गावठी कोंबड्या आहेत. मुलांच्या वह्या, कुणाच्या बारशाचं झबलं, क्वचित माझं एखादं पातळ, सगळं त्यातून निघतं. म्हणून गेल्या वर्षी तांबडी कोंबडी खुडूक झाली तेव्हा मी हौसेनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून पाहिलं. नऊ अंड्यांत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं. दोन कोरी निघाली, ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची, मी बोटांवर दिवस मोजत होते.

सोळाव्या दिवशी पहाटे पाहते तो काय! पाच अंडी फुटलेली, टरफलं केळीपर्यंत पसरलेली आणि तांबडी कुंपणावर बसून ओरडतेय. दुपारी लाकडांच्या राशीपाशी लांबलचक धामण दिसली. माझं डोकं फिरलेलंच होतं. "हीच ती!" मी ओरडले. शेजारच्या गड्यानं काठी घातली. मी उभी राहून पाहिलं.

सासूबाई मात्र टरफलं न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "अगं, साप अंडं फोडून खात नाही, अख्खं गिळतो. मग टरफलं कुणी टाकली? हे मुंगसाचं काम. ती बिचारी उंदरांमागे आली होती."

मला मान वर करवेना. धामण बिनविषारी, शेतकऱ्याच्या उपयोगाची, हे शाळेत शिकले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे, हेही मागाहून कळलं. उरलेल्या चार अंड्यांवर तांबडीला पुन्हा बसवलं. दोनच पिल्लं निघाली. आणि त्या पावसाळ्यात उंदरांनी कणगीतलं भात असं काही नासलं, की अंड्यांचं नुकसान त्यापुढे काहीच नव्हे.

मुंगसाला तरी काय दोष द्यायचा? खुराड्याची फळी सैल होती ती माझ्या आळसानं. कोंबड्यांचा कोंडा रात्रभर अंगणात पडलेला असे, तोही माझ्याच हातचा. कोंड्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. आमंत्रण मीच दिलेलं!

आता मी काय करते ते सांगते. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी ठोकली, जमिनीतही वीतभर पुरली. कोंडा संध्याकाळीच झाडून ठेवते. लाकडांची रास खुराड्यापासून लांब रचली. एका कोपऱ्यात चुलीची राख ठेवते. कोंबड्या तीत लोळतात, उवा कमी होतात. आणि एक लक्षात ठेवा बरं का, अंधारात खुराड्यात हात घालू नका. अंडी गिळायला नागही येतो. साप ओळखता आला नाही तर लांबच राहा, जवळच्या सर्पमित्राला बोलवा.

परवा लाकडांपाशी पुन्हा धामण दिसली. गडी काठी घेऊन धावलाच. मी म्हटलं, "राहू दे रे, आमच्या कणगीची राखणदार आहे ती."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या.