नन्हीचे डोळे

आज मी तुम्हांला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक लहानशी होती. पण तिची आठवण अजून माझ्या मनातून जात नाही.

१९७९ साल होते. आम्ही मालेगावला राहत होतो. अब्बा यंत्रमागावर कामाला जात. मी सहावीत होतो आणि माझी धाकटी बहीण नन्ही सहा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात तिला गोवर निघाला. थोड्या दिवसांनी ताप उतरला, अंगावरचे पुरळही गेले. पण घरात पथ्य मात्र चालूच राहिले. दूध नको, अंडे नको, तेल-तूप नको. नुसता भात आणि डाळीचे पाणी! "गोवरानंतर जड अन्न देऊ नये," असे दादी म्हणायची. दादीचा नन्हीवर फार जीव होता. तिने हे सारे मायेपोटीच केले.

पावसाळ्यात रमजान आला. एके दिवशी इफ्तारच्या थोडे आधी अम्मीने भज्यांची आणि खजुरांची बशी नन्हीच्या हातात दिली आणि शेजारच्या खालाकडे पोचवायला सांगितले. दिवस मावळत होता. अजून दिवे लागले नव्हते. नन्ही दारापर्यंत गेली, उंबरठ्याला अडखळली आणि धाडकन पडली. बशी फुटली, भजी चिखलात गेली. दिवसभराच्या रोज्याने मी चिडलेला होतो. मी धावत गेलो आणि तिला एक चापट मारली.

"आंधळी आहेस का?" मी ओरडलो.

"भाईजान, मला दिसलंच नाही," ती रडत रडत म्हणाली.

कोणाचाही तिच्यावर विश्वास बसला नाही. दिवसा ती सुईत दोरा ओवून देत असे. मग तिला उंबरठा कसा दिसत नाही? आम्हांला वाटले, ही बहाणा करते.

त्यानंतर संध्याकाळ झाली, की नन्ही भिंतीला हात लावून चालू लागली. गल्लीत मुले खेळत असली तरी ती अम्मीजवळ बसून राही. आम्ही तिला आळशी म्हणू लागलो. आठवडाभराने ती तिन्हीसांजेला गटारात पडली आणि तिचा गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अम्मी तिला पट्टी बांधायला दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधता बांधता विचारले, "कशी पडलीस, बाळ?"

नन्ही काही बोलली नाही. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळे नीट पाहिले. मग त्यांनी अम्मीला विचारले, "ही संध्याकाळी अडखळते का? मागे हिला गोवर झाला होता का?"

अम्मी थक्क झाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हांला नन्हीच्या डोळ्याचा पांढरा भाग दाखवला. त्यावर साबणाच्या फेसासारखा एक बारीक पांढुरका ठिपका होता. त्या म्हणाल्या, "हा रातांधळेपणा आहे. ही खोटं बोलत नव्हती. तिला खरंच दिसत नव्हतं. आणखी उशीर झाला असता, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून विरघळला असता. अशी गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही."

मी मान खाली घातली. ती चापट मला आठवली.

मित्रांनो, उर्दूत ज्याला रतौंधी म्हणतात, तोच हा रातांधळेपणा. तो का होतो, हे समजून घ्या. आपल्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्या भर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दुसऱ्या पेशी दांड्याच्या आकाराच्या असतात. त्या अंधुक उजेडात काम करतात. या दुसऱ्या पेशींना लागणारे द्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होते. ते जीवनसत्त्व कमी पडले, की प्रथम संध्याकाळचे दिसेनासे होते. डोळ्यांचे हे रहस्य उलगडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली इतर दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आपले यकृत 'अ' जीवनसत्त्वाचा साठा करून ठेवते. गोवरासारख्या आजारात हा साठा झपाट्याने संपतो. नेमक्या त्याच वेळी आम्ही नन्हीचे दूध, अंडे आणि तेल बंद केले होते. पालेभाजीतले 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायलासुद्धा थोडे तेल-तूप लागतेच.

डॉक्टरीणबाईंनी नन्हीला 'अ' जीवनसत्त्वाचे औषध पाजले. दुसऱ्या दिवशी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाजले. मग त्यांनी अम्मीला विचारले, "तुमच्या अंगणात शेवगा आहे का?"

शेवगा होता. त्याच्या शेंगा आम्ही खात होतो आणि पाला शेळीला घालत होतो! त्या दिवसापासून शेळीच्या वाट्याचा थोडा पाला आमच्या ताटात येऊ लागला. मेथी, पालक, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, आंबा यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते. दूध, अंड्याचा पिवळा बलक आणि कलेजी यांत तर ते तयारच असते. दादीने स्वतः शेवग्याच्या पाल्याची भाजी शिजवली आणि नन्हीला आपल्या हाताने भरवली.

थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी नन्ही अंगणातून ओरडली, "भाईजान, मला शेळी दिसते!" मी धावत बाहेर गेलो. ती शेळीच्या मागे पळत होती. डोळ्यातला तो ठिपका मात्र बराच काळ राहिला. तो पाहिला, की मला माझी चापट आठवे.

आपल्या देशात बालकांना 'अ' जीवनसत्त्व पाजण्याचा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. आता नवव्या महिन्यात, गोवराच्या लसीबरोबर, पहिला डोस देतात आणि पाच वर्षांपर्यंत असे एकूण नऊ डोस देतात. तुमच्या घरी लहान भावंडे असतील, तर त्यांचे लसीकरणाचे कार्ड आजच पाहा. मात्र डॉक्टरांना न विचारता या गोळ्या घेऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि जास्त झाले तर अपाय करते. गाजरे खाऊन चश्म्याचा नंबर जातो, हेही खरे नाही. चश्मा लागला असेल तर तो लावलाच पाहिजे.

आणि शेवटी एक विनंती. संध्याकाळी एखादे मूल अडखळले, त्याच्या हातून काही सांडले, तर "आंधळा आहेस का?" असे ओरडू नका. त्याला जवळ घ्या आणि प्रेमाने विचारा, "तुला नीट दिसतं ना?" ते "नाही" म्हणाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.