जिथे शहर संपत होते

रेल्वेच्या परिभाषेत टर्मिनस म्हणजे असे स्थानक, की ज्याच्या पुढे रूळ जात नाही. गाडी तेथे येते, रिकामी होते आणि आल्या वाटेने परत फिरते. रूळ कोठे थांबवायचे हे ठरवताना जमिनीचा भाव, मालाची आवक, बंदराची सोय अशा अनेक गोष्टींचा हिशेब होत असतो, आणि त्या सगळ्या हिशेबातून त्या काळापुरते शहर कोठे संपते याचा एक अदमास व्यक्त होतो. म्हणूनच मुंबईतून नाहीशी झालेली आगगाडीची आणि ट्रामची शेवटची स्थानके एकत्र मांडली, तर या शहराच्या जुन्या कडांचा नकाशा हाती येतो. बोरीबंदर, बॅकबे, पायधुणी, गवालिया टँक ही त्यांची नावे नुसती वाचली तरी लक्षात येते, की त्यांतले प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या पाण्याचे आहे. बंदर आणि उपसागर तर उघडच आहेत. गवालिया टँक हा गवळ्यांच्या गुरांचा तलाव, आणि पायधुणी म्हणजे बेटांमधली खाडी ओलांडून आलेल्या माणसाची पाय धुण्याची जागा, असे परंपरेने सांगितले जाते.

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी ज्या बोरीबंदर स्थानकातून सुटली, ते स्थानक लाकडी बांधणीचे आणि अगदी साधे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या धुरीणांनी ज्या रेल्वेचा पुरस्कार केला होता, ती जी.आय.पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू झाली, कारण तिला माणसांइतकीच मालाच्या गोण्यांचीही वाट पाहायची होती. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा आगगाडीला दहा वर्षे झाली होती आणि ट्राम यायला अकरा वर्षे अवकाश होता, त्यामुळे त्या ग्रंथातली मुंबई ही रेल्वे असलेली पण ट्राम नसलेली मुंबई आहे. पुढे १८७८ मध्ये एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार नव्या वास्तूचे काम सुरू झाले आणि तिच्या भव्यतेपुढे जुने लाकडी स्थानक विस्मृतीत गेले; नाव मात्र गेले नाही. व्हिक्टोरिया टर्मिनस हे अधिकृत नाव दगडात कोरलेले असतानाही मराठी माणूस कितीतरी दशके बोरीबंदरच म्हणत राहिला, आणि लोकांच्या या हट्टामुळेच मुंबईच्या इतिहासाचा फार मोठा भाग शिल्लक राहिला आहे.

पश्चिमेकडची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. बी.बी. अँड सी.आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे गुजरातेतून दक्षिणेकडे सरकत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचली, तेव्हा तिच्या दृष्टीने मुंबई तेथेच संपत होती. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून उपनगरी गाडी सुरू झाली ती बॅकबे नावाच्या स्थानकापर्यंत, आणि हे नाव आज कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. १८७० मध्ये चर्चगेट आले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रूळ कुलाब्यापर्यंत गेले. कुलाब्याच्या या रुळांखालची जमीन कोठून आली हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला, त्या पैशाच्या जोरावर समुद्र बुजवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून त्या कंपन्यांचे दिवाळे वाजले. बॅकबेच्या किनाऱ्याने भराव टाकून तयार झालेली जी अरुंद पट्टी मागे उरली, ती रेल्वेच्या उपयोगी पडली. कुलाब्याचा लोहमार्ग हा असा एका फसलेल्या स्वप्नाच्या उरलेल्या तुकड्यावर उभा होता.

तरीही त्या तुकड्यावर साठ वर्षांच्या आसपास गाड्या धावल्या. कुलाबा हे कापसाच्या व्यापाराचे ठाणे होते. रुईच्या गासड्या उघड्या मैदानावर रचलेल्या असत आणि त्यांच्या लगत रेल्वे येत असे. १८९६ मध्ये तेथे स्थानकाची नवी, भक्कम इमारत झाली. १८९९ मध्ये चर्चगेटसमोर पूर्ण झालेले बी.बी. अँड सी.आय. कंपनीचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच काम, आणि त्याच्या पश्चिमेला त्या काळी रूळ आणि त्यापलीकडे थेट समुद्र होता, हे आजच्या गजबजाटात उभे राहून कल्पनेत आणणे सोपे नाही. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालू लागला. एवढा खर्च करून तारा ओढल्या, खांब उभे केले, नव्या गाड्या आणल्या, आणि तीन वर्षेही पुरी होण्याआधी, १९३० च्या डिसेंबरअखेर, कुलाबा स्थानक कायमचे बंद झाले. त्याला प्रवासी कमी पडले नव्हते. बॅकबे बुजवण्याची नवी सरकारी योजना पुढे सरकत होती आणि शहर व नवी जमीन यांच्यामधोमध रुळांची ही पट्टी आडवी येत होती. त्याच महिन्यात, क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले बॉम्बे सेंट्रल सुरू झाले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे गेल्या. लोकल चर्चगेटला थांबू लागल्या. एका भरावाने दिलेला मार्ग दुसऱ्या भरावाने काढून घेतला. शहराच्या वाढीच्या इतिहासात हा प्रसंग सहसा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक मुंबईत जमिनीपुढे वाहतूक नेहमी कशी हरत आली, याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे आणि त्याला अधिक जागा मिळायला हवी. स्थानकाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे हलला आणि त्याच्याबरोबर नावही गेले, त्यामुळे हार्बर मार्गावर आज कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे.

बॅलार्ड पिअर मोल हे स्थानक याहून वेगळ्या जातीचे होते. मोल म्हणजे लाटा अडवण्यासाठी समुद्रात घातलेला दगडी बांध. त्या बांधावरच फलाट असल्याने विलायतेहून आलेला उतारू आगबोटीतून उतरून काही पावलांत गाडीत बसे आणि मुंबई शहराला स्पर्शही न करता दिल्ली-पेशावरकडे निघून जाई. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल टपालाच्या आगबोटीच्या सोयीने येथूनही सुटत असे. हे स्थानक साम्राज्याच्या टपालासाठी होते, मुंबईकरांसाठी नव्हते. त्याचे नाव लोकांच्या तोंडी फारसे राहिले नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

ट्रामचे तसे नव्हते. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिच्या दोन मार्गांपैकी एक कुलाब्याहून आणि दुसरा बोरीबंदराहून निघून दोन्ही पायधुणीला संपत. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते आणि तिकीट म्हणून कागद दिला जात नसे. ७ मे १९०७ पासून ट्राम विजेवर धावू लागली. रेल्वेचा रूळ जमिनीच्या वर उभा असतो, पण ट्रामचा रूळ रस्त्याच्या पातळीत बसवावा लागतो, कारण त्याच रस्त्यावरून गाड्या, घोडे आणि माणसे जायची असतात. म्हणून ट्रामच्या रुळाच्या माथ्यावर एक खोल खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून फिरते, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाचे घडीव चिरे बसवलेले असतात. हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी डांबराखालून असे रूळ बाहेर आले. डांबराचे थर त्यांच्यावर चढत गेले होते, रूळ उखडण्याचे श्रम तेवढ्या जागी कोणी घेतले नव्हते. शहराच्या विस्मरणाची पद्धतही बहुतेक अशीच असते.

जुन्या पद्धतीच्या विजेच्या ट्रामच्या टपावर एक लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला खाचेचे छोटे चाक बसवलेले असते आणि ते वरच्या तारेखालून घरंगळत जात वीज खाली आणते. या चाकाला आणि त्यावरून सबंध दांड्याला ट्रॉली म्हणतात. शेवटच्या थांब्यावर या दांड्याचे महत्त्व कळते. ट्रामला दोन्ही तोंडे सारखीच असली की गाडी वळवण्याची गरज नसते. चालक गाडी चालवण्याची मूठ काढून दुसऱ्या टोकाला जातो आणि दोरी धरून दांडा तारेवरून खाली ओढला जातो, अर्धवर्तुळात फिरवून उलट दिशेला पुन्हा तारेला लावला जातो. चाक तारेवर नेमके बसेपर्यंत एखादी ठिणगी उडते, दिवे विझून परत लागतात, आणि मघापर्यंत जो शेवट होता तो आरंभ होतो. १९६२ मध्ये आलेल्या ट्रॉलीबसला मात्र असे दोन दांडे लागत, कारण रबरी चाकांमुळे वीज रुळांतून परत पाठवण्याची सोय तिला नव्हती. गवालिया टँक आणि माझगाव डॉक यांच्यामध्ये धावणारी ही सेवा १९७१ मध्ये थांबली.

ट्रामच्या सगळ्या शेवटच्या थांब्यांत दादरचा थांबा मराठी मनाला सर्वांत जवळचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीबाहेरची वस्ती म्हणून दादर-माटुंग्याचा परिसर आखला, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभ्या राहिल्या, आणि आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून येणारी ट्राम या नव्या मध्यमवर्गाला कोटातल्या कचेऱ्यांशी जोडू लागली. बाबासाहेबांचे राजगृह येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. चौकाचे अधिकृत नाव खोदादाद सर्कल असले तरी लोक त्याला दादर टीटी म्हणतात, आणि टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे ज्यांना ठाऊक नाही तेही तितक्याच सहजतेने म्हणतात. पाण्याच्या नावांच्या रांगेतले हे पहिले कोरडे नाव आहे; शहर आता खाडीशी किंवा धक्क्याशी न संपता वसाहतीच्या उंबऱ्याशी संपू लागले होते.

३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. मोटारींच्या वाढत्या गर्दीला ट्राम अडसर ठरते, हे तिच्या विरुद्धचे मुख्य कारण होते. एका गाडीत कितीतरी माणसे नेणारे वाहन हटवून एक-दोन माणसे नेणाऱ्या वाहनांना रस्ता मोकळा करून देण्यात आला, हा निर्णय आज पाहता दूरदृष्टीचा होता असे म्हणता येत नाही. यंत्रे जुनी झाली होती, दुरुस्ती महाग पडत होती, हे खरे. पण नव्याने बांधता येण्याजोग्या गोष्टीला कालबाह्य ठरवणे आणि तिला नवे करणे यांत जी निवड होती, ती त्या वेळी पुरेशा गांभीर्याने केली गेली नाही.

मुंबईच्या दक्षिण टोकाला रूळ परत आले ते २०२५ मध्ये, भुयारी मेट्रोच्या रूपाने. तिचा मार्ग काळबादेवी, हुतात्मा चौक अशा ट्रामच्या जुन्या वाटांखालून येत बधवार पार्कच्या परिसराजवळ कफ परेडला संपतो. कुलाबा स्थानकातून शेवटची गाडी सुटली तेव्हा आजचे हे स्थानक ज्या जागी आहे तेथे पाणी होते. सरकत्या जिन्याने वर येऊन थोडे चालले की मच्छीमार नगर लागते, आणि तेथे किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या असतात.