शेवटचा वार

आमचे घर धामापूरला, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. मे महिन्याच्या दुपारी गावात इतकी शांतता असते की मागल्या परसात आंबा पडला तरी ऐकू येतो. २०२५ च्या सुट्टीत अशाच एका दुपारी आतल्या खोलीतून किंकाळी आली. मी धावत गेले. माझा चौदा वर्षांचा मुलगा लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर एक माणूस गुडघे टेकून शरण आल्याचे सांगत होता. पुढच्याच क्षणी चित्र जवळ आले, सगळे संथ झाले आणि तलवारीच्या एका घावात त्याचे मुंडके उडाले.

मी काही न विचारता लॅपटॉप बंद केला आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. मुलगा ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "अम्मी, तो माणूस कोण होता ते तरी विचारायचं होतंस."

माझ्या मनात मात्र एकच भीती होती. रोज असे पाहणाऱ्या मुलाचे काळीज दगड तर होणार नाही ना?

७ जूनला बकरी ईद आली. माझ्या सासऱ्यांनी आदल्या दिवशीच सुरीला धार लावून ती कापडात गुंडाळून ठेवली होती. बकऱ्याला त्यांनी पाणी पाजले. सुरी त्याच्या नजरेआड ठेवली. मुलाने पाय धरले होते. त्याचे हात थरथरत होते, आणि काम संपल्यावर तो विहिरीपाशी जाऊन रडला. लॅपटॉपवर शेकडो माणसे मारणारा माझा मुलगा एका बकऱ्यासाठी रडत होता. माझी भीती जशी होती तशी खरी नव्हती, हे मला त्या दिवशी कळले.

रात्री मी कुलूप उघडले आणि म्हटले, "दाखव मला तुझा खेळ."

खेळाचे नाव स्कायरिम. २०११ साली आलेला. अमेरिकेत त्यावर १७ वर्षांपुढच्यांसाठी अशी खूण आहे, युरोपात १८. भाच्याने मुंबईहून आणून दिला तेव्हा आम्ही कोणी ती खूण पाहिली नव्हती. ही चूक मुलाची नव्हे, आमची. या प्रकारच्या खेळात आपण एक पात्र होतो. कोणाला मदत करायची, कोणाशी वैर धरायचे, हे आपण ठरवतो. डोंगर, बर्फ, जुनी पुस्तके, गावे; खरेच सुंदर दुनिया होती ती. मुलाला तिची ओढ का लागली, हे तासाभरात समजले.

पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली अशी की, हरलेला शत्रू तिथे दयेची याचना करतो, पण त्याला माफ करता येत नाही. थांबलात तर तो थोड्या वेळाने उठून पुन्हा हल्ला करतो. दुसरी गोष्ट शेवटच्या वाराची. तो कसा दिसणार, हे पुष्कळदा खेळच ठरवतो. शिवाय तलवारबाजीत पुढे गेल्यावर मिळालेला गुण खर्चून एक कौशल्य घेता येते. त्याने जोरदार वाराची ताकद २५ टक्के वाढते आणि मुंडके उडण्याची शक्यताही मिळते. म्हणजे मुंडके उडणे हे तिथे बक्षीस आहे.

मी हे बोलून दाखवले तेव्हा मुलगा म्हणाला, "मग रक्त काढून टाकायचं का? बीजीएमआयमध्ये हिरवं रक्त दाखवतात. ते जास्त खोटं नाही का? माणूस मेला आणि काहीच घडलं नाही असं वाटतं."

त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. मरण स्वच्छ, रंगीत आणि हलके करून दाखवणे हीसुद्धा फसवणूकच आहे. पण आमच्या भागातल्या जुन्या पद्धतीच्या दशावतारात राक्षसाचा वध होतो तेव्हा रक्ताचा थेंब दिसत नाही. पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या तालावर युद्ध नाचून दाखवतात, तरी पहाटे चारला पेंगणारी मुले उठून बसतात. तेव्हा मरणाचा भार जाणवायला रक्त लागतेच असे नाही, आणि रक्त दाखवले म्हणून तो भार येतोच असेही नाही.

मग सासऱ्यांनी, ओटीवरूनच, एक गोष्ट सांगितली. उहुदच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे काका हजरत हमजा (र.) शहीद झाले आणि शत्रूंनी त्यांच्या देहाची विटंबना केली. एवढे दुःख सोसूनही प्रेषितांनी (स.) शत्रूच्या मृतदेहाची विटंबना करण्यास मनाई केली. जनावर कापतानासुद्धा सुरी धारदार असावी, त्याला कमीत कमी यातना व्हाव्यात, अशी शिकवण दिली. सासरे म्हणाले, "मारायची वेळ आली तरी त्यात मजा घ्यायची नसते, बेटा."

मला हवे होते ते उत्तर हेच. खेळात लढाई असावी, मरण असावे, प्रसंग तसा असेल तर रक्तही असावे. पण ते रक्त बक्षीस म्हणून वाटू नये, आणि ते बंद करण्याची सोय तरी खेळणाऱ्याच्या हाती असावी. १९९८ सालच्या बाल्डर्स गेटमध्ये ती सोय होती, म्हणजे ही मागणी काही अशक्य नाही.

आमच्या घरात आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. वयाची खूण आधी पाहायची. लॅपटॉप ओटीवर, सगळ्यांसमोर वापरायचा. आणि स्कायरिम मुलाच्या सतराव्या वर्षापर्यंत थांबेल. हे त्याने कुरकुर करून का होईना, मान्य केले. सध्या तो २०१५ सालचा अंडरटेल खेळतो. त्यात एकालाही न मारता शेवटापर्यंत जाता येते. मात्र कोणाला मारले नाही तर आपली ताकदही वाढत नाही. समोरच्याचे वार चुकवत, त्याची समजूत काढत पुढे जावे लागते. "हा फार कठीण आहे," असे तो रोज म्हणतो आणि रोज खेळतो.

त्याने त्या दुपारी विचारलेला प्रश्न मी नंतर त्यालाच विचारला. तो माणूस कोण होता? तो जरा थांबला. म्हणाला, "त्याला नाव नव्हतं, अम्मी. नुसतं 'डाकू' लिहिलं होतं."