धूर, अग्नी आणि पाच पर्याय

न्यू जर्सीत सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून मी एलसॅटची तयारी करते आहे. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या या प्रवेशपरीक्षेत कायद्याचं एक कलमही विचारत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग गेला आणि गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे झाले. एका विभागाला ३५ मिनिटं आणि प्रश्न पंचवीसच्या आसपास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही.

प्रश्न असतो चार-पाच ओळींचा. समजा, असा: ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं राहू लागल्यापासून लोक दुप्पट पुस्तकं घरी नेतात; म्हणजे गावातलं वाचन वाढलं. यात काय गृहीत धरलंय? ‘वेळ वाढवल्यामुळेच पुस्तकं जास्त गेली’ हा पर्याय लगेच खुणावतो. मग तो उलटा करून पाहायचा. पुस्तकं दुसऱ्याच कारणानं जास्त गेली असं धरलं, तरी वाचन वाढल्याच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. आता दुसरा पर्याय: ‘घरी नेलेली जास्तीची पुस्तकं वाचलीही जातात.’ तोही उलटा करू: जास्तीची पुस्तकं घरी नेऊन कुणी उघडतच नाही. इथे मात्र निष्कर्षाखालचा आधारच निघून जातो. न लिहिलेलं वाक्य सापडलं! असं वाक्य हाती लागतं तेव्हा मला आजही मनापासून आनंद होतो.

जर-तरचे प्रश्न मात्र मला छळत होते. बाबा सांगलीत संस्कृत शिकवायचे. एकदा फोनवर त्यांना अडचण सांगितली, तर म्हणाले, “अगं, हे तर अन्नंभट्टाचं. धूर असेल तिथे अग्नी असतो. मग अग्नी असेल तिथे धूर असतोच का?”

“असायला हवा ना, बाबा?”

“तापलेला लोखंडाचा गोळा बघ. अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं.”

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथातला हा गोळा मी वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवला. त्याच्याखाली तळं काढलं: तिथे अग्नी नाही, म्हणून धूरही नाही. एक दिशा चालते, दुसरी चालत नाही. इंग्रजी मार्गदर्शकांतल्या जर-तर दाखवणाऱ्या बाणांपेक्षा मला ही दोन चित्रं फार लवकर उमगली.

सगळ्यात जड जातं ते दिलेलं विधान खरं मानणं. आकडेवारीवर शंका घेणं हे माझं रोजचं काम; इथे ती बाजूला ठेवायची आणि विधानापासून निष्कर्षापर्यंतची उडी तेवढी तपासायची. ही शिस्त वकिलाला हवीच, असं मला ठामपणे वाटतं. घटना दोन्ही पक्षांना मान्य असतात, भांडण त्यातून काय निघतं याचं असतं, असे किती तरी खटले असतात.

प्रश्नांच्या एका प्रकारात तर विषयच गळून पडतो. वर माशांबद्दलचा युक्तिवाद, खाली करांबद्दल, संगीताबद्दल, रस्त्यांबद्दल. त्यातून नेमकी तीच घडण असलेला शोधायचा. मी माशांच्या जागी क, ख, ग लिहिते आणि ‘सगळे’, ‘बहुतेक’, ‘काही’ यांच्याखाली रेघा मारते. यात वेळ फार जातो, म्हणून हे प्रश्न शेवटी घेते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तोवर एका पर्यायावर खूण करून पुढे जाते.